दारावरचा तारा कोणासाठी?

नाताळ सरतो, नववर्षाच्या शुभेच्छा देऊन-घेऊन होतात, फराळाचे डबे रिकामे होतात आणि मग घरात एक काम उरते. दारावर टांगलेला तारा उतरवायचा असतो. पुष्कळ ख्रिस्ती घरांत तो प्रभुप्रकटनाच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत ठेवतात. या सणाला आपण तीन राजांचा सण असेही म्हणतो. भारतातील अनेक धर्मप्रांतांत तो आता जवळच्या रविवारी साजरा होतो, तर काही मंडळ्यांत तो केवळ उपासनेच्या पंचांगापुरता उरला आहे. उंट आणि राजे एका खोक्यात गेले, तारा दुसऱ्या खोक्यात गेला, की सण संपला, अशी आपली समजूत असते. वाचकहो, यंदा तो तारा उतरवण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती करण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

१९९३ च्या जानेवारीत आम्ही आमचा तारा वेळेवर उतरवला नाही. त्या वेळी आम्ही मुंबईत एका चाळीत राहत होतो. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत दंगली उसळल्या होत्या. त्या शमल्या असे वाटत असतानाच दुसरा भडका उडाला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने हा दुसरा टप्पा ६ जानेवारी ते २० जानेवारी १९९३ असा धरला आहे. म्हणजे सर्व राष्ट्रांना प्रकाश दिसल्याचा सण ख्रिस्तसभा ज्या दिवशी पाळते, त्याच दिवशी त्याची सुरुवात झाली. दोन्ही टप्प्यांत मिळून ९०० माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आयोगाने केली. आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवले, की तारा तसाच राहू द्यावा आणि रात्रभर त्यातला दिवा पेटता ठेवावा. खालून जाणाऱ्या जमावाला हे घर ख्रिस्ती माणसांचे आहे, एवढे कळले म्हणजे झाले.

पलीकडच्या इमारतीत एक मुसलमान कुटुंब राहत होते. दोनच आठवड्यांपूर्वी त्यांची मुले आमच्याकडे करंज्या आणि केक खाऊन गेली होती. एका रात्री ते कुटुंब घर सोडून निघून गेले. महिन्याभराने परतल्यावर त्या घरातील बाई माझ्या आईला म्हणाल्या, की गल्लीतून बाहेर पडताना तुमचा तारा दिसला. तुमच्याकडे सारे ठीक असणार, एवढे समाधान वाटले. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. त्या रात्री त्यांनी आमचे दार का वाजवले नाही, हे मात्र आमच्यापैकी कोणीही त्यांना विचारले नाही. विचारायचे धैर्य नव्हते, कारण उत्तर ठाऊक होते. आमचा तारा मारायला निघालेल्यांना ‘हे घर सोडून पुढे जा’ असे सांगत होता. जीव घेऊन पळणाऱ्यांना ‘आत या’ असे तो सांगत नव्हता.

तेव्हापासून हा सण आला की एकच प्रश्न माझ्यासमोर उभा राहतो. दुभंगलेल्या समाजात ख्रिस्ती माणसाच्या दारावरचा तारा नेमका कोणासाठी असतो?

ज्यांना ठाऊक होते आणि जे चालत गेले

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील कथा आपल्याला इतकी परिचयाची आहे, की तिच्यातील खोच आपल्याला जाणवेनाशी झाली आहे. मत्तय पाहुण्यांना राजे म्हणत नाही आणि ते तिघे होते असेही सांगत नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशी दाने तीन, म्हणून दाते तीन, असा हिशेब पुढच्या काळातील ख्रिस्तसभेने केला. आणि परराष्ट्रांचे राजे प्रकाशाकडे येतील या यशयाच्या भविष्यवाणीवरून त्यांच्या मस्तकी मुकुट चढले. मत्तय त्यांना फक्त पूर्वेकडचे मागी म्हणतो. मागी म्हणजे नक्षत्रे पाहणारे, शकुन सांगणारे लोक. प्रेषितांच्या कृत्यांत पाफोस येथे पौलाला आडवा येणारा अलीम जादूगार आहे ना, त्याच्यासाठीही मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द वापरला आहे. धर्मनिष्ठ यहुदी माणसाच्या दृष्टीने हे लोक सर्व बाजूंनी बाहेरचे होते. त्यांची जात निराळी, देश निराळा आणि त्यांची विद्या तर शास्त्राने निषिद्ध ठरवलेली.

देवाने त्यांना बोलावले ते त्यांच्याच भाषेत. आकाश वाचणाऱ्यांना त्याने आकाशातून खूण दिली. त्यांनी आधी आपली विद्या टाकावी, आपला देश सोडावा, मग मी भेटेन, अशी अट घातली नाही.

आता यरुशलेमेकडे पाहा. मुख्य याजक आणि शास्त्री यांना हेरोदाने विचारताच त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले. मीखा संदेष्ट्याचे वचन त्यांना मुखोद्गत होते. ख्रिस्त कोठे जन्मणार, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. यरुशलेमेपासून बेथलेहेम जेमतेम ९-१० किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस जेवणवेळेपर्यंत पोहोचेल. तरी त्यांच्यातील एकही जण निघाला नाही. शेकडो कोस तुडवून आलेले परके पुढे गेले, आणि ग्रंथ ज्यांच्या हाती होता ते घरीच राहिले.

आपण या कथेत आपली जागा निवडतो तेव्हा नकळत मागी लोकांच्या बाजूला उभे राहतो. दोन-तीन पिढ्यांपूर्वी, किंवा वसई आणि गोव्याच्या लोकांच्या बाबतीत काही शतकांपूर्वी, ते ठीक होते. आपले पूर्वज बाहेरून आले होते. आज मात्र ग्रंथ आपल्या हाती आहे, वचने आपल्याला पाठ आहेत, प्रश्न विचारताच अध्याय आणि ओवी सांगता येते. तेव्हा आपली जागा यरुशलेमेच्या शास्त्र्यांजवळ तर सरकली नाही ना, हा विचार या सणाला करायला हवा.

दगडावर कोरलेली सीमा

या सणाच्या उपासनेत इफिसकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचण्याची प्रथा आहे. त्यात पौल एक गूढ उकलून सांगतो: परराष्ट्रीय लोक हे वारशात सहभागी आहेत, एकाच शरीराचे अवयव आहेत. त्याच्या आधीच्या अध्यायात तो म्हणतो, की ख्रिस्ताने दोघांमधली आडभिंत पाडून टाकली. ही भिंत आपण अलंकारिक समजतो. पहिल्या शतकातील वाचकाला मात्र तिच्यामागे डोळ्यांनी पाहिलेली एक भिंत आठवत असणार.

यरुशलेमेच्या मंदिरात परराष्ट्रीयांना बाहेरच्या प्रांगणापर्यंत येता येत असे. त्यापुढे दगडी कठडा होता आणि त्यावर ठिकठिकाणी ग्रीक आणि लॅटिन भाषांत सूचना कोरलेल्या होत्या, असे इतिहासकार योसेफस लिहितो. १८७१ मध्ये फ्रेंच संशोधक क्लेरमाँ-गानो यांना यरुशलेमेत त्यांपैकी एक ग्रीक शिलालेख सापडला. तो आज इस्तंबूलच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे. कोणाही परक्याने या कठड्याच्या आत पाऊल टाकू नये; जो सापडेल तो आपल्या मृत्यूला आपणच जबाबदार राहील, असा त्याचा आशय आहे.

पौलाला मंदिरात धरले ते याच सीमेवरून. त्रफिम नावाच्या इफिसकराला त्याने पवित्र स्थानात आणले, असा लोकांना संशय आला आणि सारे शहर खवळले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २१). तेथून सुरू झालेल्या बंदिवासाने त्याला रोमपर्यंत नेले. पत्रात तो स्वतःला परराष्ट्रीयांसाठी झालेला बंदिवान म्हणवतो, तेव्हा ते शब्द शोभेचे नसतात. एका परक्या माणसाच्या सोबतीची किंमत त्याने मोजली होती. प्रभुप्रकटनाच्या सणाला हे पत्र वाचायचे, याचा अर्थच असा, की तारा आणि भिंत यांचा विचार एकत्र करायचा. तारा जर सर्वांना दिसतो, तर कठडा कोणासाठी?

आपल्या अंगणातील कठडे

हा प्रश्न प्रथम आपल्याच घरात विचारायला हवा. तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात वडक्कनकुळम् येथे १८७२ मध्ये पवित्र कुटुंबाचे एक चर्च बांधले गेले. त्याला दोन लांब दालने आहेत आणि ती एकाच वेदीपाशी येऊन मिळतात. वेदी एक, मिस्सा एक, ख्रिस्तशरीर एक. पण एका दालनात उच्च म्हणवणाऱ्या जातींचे ख्रिस्ती आणि दुसऱ्यात इतर. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी धर्माधिकाऱ्यांनी ही विभागणी मोडली, तेव्हा स्वतःला उच्च समजणाऱ्यांनी न्यायालयाची पायरी चढली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांचा वेगळ्या जागेचा हक्क तेथे मान्य झाला नाही. ख्रिस्ताने पाडलेली भिंत शाबूत ठेवण्यासाठी ख्रिस्ती माणसे कज्जा लढली, हे वाचताना मान खाली जाते.

मान खाली घालून आपण सुटत नाही. गोव्यात काही कन्फ्रारियांचे सदस्यत्व पूर्वी जातीवरून ठरत असे. पवित्र आठवड्यात कोणी कोणत्या रंगाचा झगा घालावा, यावरूनही वाद झाले. महाराष्ट्रात आपण ‘आमच्यात जात नाही’ असे मोठ्या अभिमानाने सांगतो. मग लग्न जुळवण्याची वेळ येते. मुलगी शिकलेली आहे, घराणे प्रार्थनाशील आहे, सारे पसंत आहे, आणि शेवटी कोणीतरी वडीलधारे हळूच विचारते, “मूळचे कोणत्या गावचे? आडनाव बदलण्यापूर्वी काय होते?” या प्रश्नाचा अर्थ विचारणाऱ्याला कळतो आणि उत्तर देणाऱ्यालाही कळतो. दगडावर काही कोरलेले नसते, तरी कठडा कोठे आहे हे दोघांनाही दिसते.

यावर एक जुने उत्तर आहे. जात ही सामाजिक रीत आहे, श्रद्धेशी तिचा संबंध नाही. माणसाने आत्म्याने ख्रिस्ताचे व्हावे, रीतिरिवाज कालांतराने बदलतील, असे समंजस माणसेही म्हणतात. या उत्तरात थोडे तथ्य आहे. कोणताही समाज एका दिवसात बदलत नाही, आणि बळजबरीने पाडलेली भिंत मनात पुन्हा उभी राहते. परंतु मंदिरातील कठड्याचे रक्षण करणारेही आपण केवळ परंपरा पाळतो असेच समजत होते. शिवाय ‘कालांतराने’ हा शब्द नेहमी भिंतीच्या सोयीच्या बाजूला बसलेलाच उच्चारतो. पलीकडे उभा असलेला तो कधी उच्चारत नाही.

आपली अडचण आणखी एका ठिकाणी उघडी पडते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या मर्यादित केल्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती दलित बाहेर राहिले. हा अन्याय आहे, आणि तो दूर व्हावा म्हणून आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो, न्यायालयात जातो. ते योग्यच आहे. पण तेथे आपण सांगतो, की धर्मांतराने जात सुटत नाही, दलित ख्रिस्ती आजही भेदभाव सोसतो. आणि रविवारी उपदेशपीठावरून सांगतो, की ख्रिस्तात जात नाही. दोन्ही विधाने खरी ठरायची तर एकच मार्ग आहे: पहिले विधान दुःखाने कबूल करायचे आणि दुसरे खरे करण्यासाठी आपल्या दफनभूमीपासून, पंचकमिटीपासून आणि मुलांच्या लग्नांपासून सुरुवात करायची. भारतातील कॅथॉलिक महागुरुस्वामींच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले, त्यात ख्रिस्तसभेतील भेदभावाची कबुली आहे. कबुली ही सुरुवात आहे. मागी लोकांनीही आधी ‘कोठे आहे?’ असा प्रश्न विचारला होता. पण विचारून ते थांबले नाहीत.

शेजाऱ्याच्या अंगणातील प्रकाश

येथे एक तुलना मला टाळता येत नाही. वडक्कनकुळम्‌चे दोन दालनांचे चर्च १८७२ चे. त्याच्या चार वर्षे आधी, १८६८ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. फुले यांचे काही शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता. परंतु त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. तेव्हा सांगा, वाचकहो, त्या चार वर्षांत तारा कोणी पाहिला आणि घरी कोण बसून राहिले?

या तुलनेने कोणाला कमी लेखायचे नाही. त्याच शतकात ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी महाराष्ट्रात दुष्काळपीडितांसाठी, महारोग्यांसाठी, टाकून दिलेल्या विधवांसाठी जे केले, ते पंडिता रमाबाईंच्या केडगावकडे नजर टाकली तरी दिसते. मुद्दा निराळा आहे. ‘आपण प्रकाश वाहणारे आणि बाकी सारे अंधारात’ असे प्रभुप्रकटनाचे चित्र आपण मनात धरले असेल, तर ते मत्तयाच्या कथेत नाही. तेथे प्रकाश आधी बाहेरच्यांना दिसतो आणि ते तो घेऊन पवित्र नगरात येतात. शेजाऱ्याच्या अंगणात दिसलेला प्रकाश ओळखता येणे, हीदेखील या सणाची मागणी आहे.

मग सारे मार्ग सारखेच, शुभवर्तमानाची गरज ती काय, असा प्रश्न कोणी विचारील. कथाच त्याचे उत्तर देते. ताऱ्याने मागी लोकांना यरुशलेमेपर्यंत आणले. बेथलेहेम हे नाव मात्र त्यांना शास्त्रवचनातूनच कळले. त्यांना ग्रंथाची गरज होती, आणि ग्रंथ जपणाऱ्यांना ‘तो कोठे आहे?’ असे विचारणाऱ्या परक्यांची गरज होती. दोघे एकत्र बेथलेहेमास गेले असते, तर ती कथा किती वेगळी झाली असती! रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे शिष्य त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते निवर्तले आणि हे काम अपुरे राहिले. त्यांच्या योजनेशी सर्वांनी सहमत व्हावे असे नाही. पण यरुशलेमेचे दार उघडे असावे ही तळमळ आपल्याला आज परकी का वाटावी?

दुसऱ्या वाटेने

आता पुन्हा त्या दंगलीच्या रात्रीकडे येतो. कारण तेथे आक्षेप अधिक अवघड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या देशात आपण अवघे २.३ टक्के. ‘दोन मोठ्यांच्या भांडणात लहानाने पडू नये; मुले-बाळे आहेत, चर्च-शाळा आहेत; आपण कोणाच्या बाजूचे नाही, एवढे दाखवून द्यावे’, असे आमच्या घरी त्या वेळी बोलले गेले. बोलणारी माणसे क्रूर नव्हती. ती घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला सुरक्षित जागी बसून दोष देणे सोपे असते, म्हणून मी तो देणार नाही. पण त्या सावधपणाला ख्रिस्ती सद्गुण म्हणता येईल का, हे पाहायला हवे.

मागी लोकसुद्धा परक्या देशात मूठभर होते. सत्ता हेरोदाची होती. त्याने त्यांच्याकडे फार मोठे काही मागितले नव्हते. फक्त माहिती मागितली होती. बालक कोठे आहे, तेवढे सांगा. दुभंगलेल्या समाजात सत्तेला आणि जमावाला आपल्याकडून बहुधा एवढेच हवे असते. कोणते घर कोणाचे, कोण कोठे लपले, कोण ‘त्यांच्यातला’. मागी लोकांनी तलवार उपसली नाही, दरबारात भाषण केले नाही. ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले. भीतीच्या राज्यात दुबळ्या माणसालाही करता येईल अशी ही पहिली गोष्ट आहे. दुष्टाच्या हातचे साधन व्हायचे नाही. अफवा पुढे द्यायची नाही, बोट दाखवायचे नाही, ‘ते लोक तसेच’ या वाक्याला मान डोलवायची नाही.

पण एवढे पुरते का? मत्तय आपल्याला सुखासुखी सोडत नाही. मागी लोक दुसऱ्या वाटेने गेले, आणि बेथलेहेमात दोन वर्षांच्या आतील मुले मारली गेली. राहेलीचे रडणे त्याच अध्यायात आहे. मागी लोकांना त्याचा दोष देता येणार नाही. परंतु केवळ ‘आम्ही काही केले नाही’ एवढ्याने आया शांत होत नाहीत, हेही खरे. म्हणून त्या कथेतील आणखी एका जागेकडे पाहिले पाहिजे. ती जागा मिसर देश. ज्या मिसरातून इस्राएल गुलामीतून सुटून पळाले होते, त्याच मिसराने पळून आलेल्या या कुटुंबाला आसरा दिला. कोणी दिला, कोणाच्या ओसरीवर मरीयेने पाठ टेकली, मत्तय सांगत नाही. जगाच्या तारणाऱ्याचा जीव वाचला तो परक्या धर्माच्या, परक्या देशाच्या कोणा निनावी शेजाऱ्यामुळे. दुष्टाला साहाय्य न करणे ही पहिली पायरी, आणि दार उघडणे ही दुसरी.

दार उघडण्याचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही असेही नाही. डिसेंबर २००७ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २००८ मध्ये ओरिसातील, म्हणजे आजच्या ओडिशातील, कंधमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा हजारो लोक रानावनांत पळाले. त्या काळात काही हिंदू शेजाऱ्यांनी धोका पत्करून ख्रिस्ती माणसांना आपल्या घरात लपवले. त्यांच्या दारावर तारा नव्हता. त्या वेळी देशभरच्या आपल्या मंडळ्यांतून एकच आर्त प्रश्न उमटत होता: आमच्यासाठी कोणी का उभे राहत नाही? तो प्रश्न रास्त होता. मात्र तो विचारताना मला आमचा १९९३ चा तारा आठवला, आणि शब्द घशात अडकले.

रांगेत उभा असलेला प्रभू

पूर्वेकडील ख्रिस्तसभांत ६ जानेवारीला मागी लोकांपेक्षा प्रभूच्या बाप्तिस्म्याचे स्मरण मुख्य असते. केरळातील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती या सणाला ‘दन्हा’ म्हणतात. सिरियाकमध्ये त्याचा अर्थ उदय. त्रिशूरकडच्या इरिंजालकुडासारख्या गावांत त्या सणाला घरासमोर केळीचा खांब रोवून त्यावर पणत्या लावतात. दिवे घराच्या आत न ठेवता बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेवर लावायचे, ही कल्पना मला फार अर्थपूर्ण वाटते.

यार्देनेच्या काठी प्रभूचे प्रकटन झाले ते पापी लोकांच्या रांगेत. जकातदार, शिपाई, नाव नसलेली माणसे यांच्यामागे तो उभा राहिला. त्याने वेगळा घाट मागितला नाही. योहानाने संकोच केला तरी तो रांग सोडून पुढे गेला नाही, आणि तेथेच आकाश उघडले. मागी लोकांच्या कथेत परके त्याच्याकडे येतात. यार्देनेच्या कथेत तो त्यांच्यात जाऊन उभा राहतो. या दोन कथा मिळून प्रभुप्रकटनाचा सण पूर्ण होतो. दुभंगलेल्या समाजात ख्रिस्ताचे दर्शन हवे असेल, तर आपण कोणाबरोबर रांगेत उभे राहतो, यावरच ते अवलंबून आहे.

म्हणून, वाचकहो, यंदा तारा उतरवताना तो हातात धरून घरातल्या सर्वांनी मिळून तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. माझ्या मंडळीत, माझ्या कुटुंबात असा कोणता कठडा आहे, की जो सर्वांना दिसतो आणि ज्याविषयी कोणी बोलत नाही? माझ्या गल्लीत, माझ्या कार्यालयात कोणाच्या अंगणात मला प्रकाश दिसला, आणि तो परक्याचा म्हणून मी नाकारला? आणि उद्या रात्री कोणी भेदरलेला माणूस या वाटेने धावत आला, तर माझे दार पाहून त्याला काय वाटेल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे मला आजही जड जाते. आमची चाळ आता उरली नाही; तेथे उंच इमारत उभी आहे. ते मुसलमान कुटुंबही दुसरीकडे गेले. त्यांच्या घरातील त्या बाईंनी आमच्यासाठी समाधान मानले होते, आणि आम्ही त्यांच्यासाठी दिवा लावला नव्हता. देवाने ते क्षमा केले असेल असा माझा विश्वास आहे. परंतु क्षमा मिळालेल्या माणसाने पुन्हा जुन्याच वाटेने जाऊ नये. मागी लोक बालकाला वंदन करून निघाले ते दुसऱ्या वाटेने. ज्याने प्रभूला पाहिले, त्याची परतीची वाट बदलते, ही या सणाची खूण आहे.

दरवर्षी मी तारा लावताना आता एक लहानशी प्रार्थना करतो, तीच तुमच्याही हाती देतो. हे प्रभो, तुझा प्रकाश आम्ही आमच्या रक्षणासाठी दारावर टांगला, याची आम्हांला क्षमा कर. ज्याला रात्री वाट हवी आहे त्याला तो दिसू दे. आणि तो दारी येईल तेव्हा कडी काढण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.